तात्या रांगेत का उभे राहायचे

आयाबहिणींनो, भावांनो, बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

आपल्याकडं अशा शोकसभेत घरच्या बाईनं बोलायची पद्धत नाही. मला माहीत आहे. मघाशी मी उठले तेव्हा आमच्या नणदेनं माझा पदर धरला. म्हणाली, "वहिनी, राहू द्या. तुम्हाला सोसायचं नाही." सोसायचं नाही हे खरं. पण काही न बोलता घरी गेले तर ते जास्त सोसायचं नाही. मी अंगणवाडीत सेविका होते. लहान मुलांपुढं बोलायची सवय आहे. मोठ्या माणसांपुढं कधी बोलले नाही. मध्येच थांबले तर थांबू द्या.

तुम्ही सगळे आमच्या ह्यांच्याबद्दल, तात्यांबद्दल, चांगलं बोललात. विहिरीवरची मोटार जळाली, पिकाला पाणी द्यायचंय, तर तात्या जेवण बाजूला सारून दुकानात तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालून मोटार भरून द्यायचे, हे खरं आहे. कामात कधी कुणाला फसवलं नाही, हेही खरं आहे. शेवटी सरपंच म्हणाले, "तात्या म्हणजे लोकांतला माणूस. जुन्नर असो, आंबेगाव असो, पार पुणं असो, कुणी मोठं माणूस गेलं की तात्या अंत्यदर्शनाच्या रांगेत हजर. माणसांची लई आवड."

सरपंच, रागावू नका. तात्यांना माणसांची आवड नव्हती.

लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत मांडवाच्या मागून बाहेर. गावच्या यात्रेत घरात बसून असायचे. दुकानात गिऱ्हाईक गप्पा मारायला लागलं की तांब्याची तार हातात घ्यायची आणि पाठ फिरवून बसायचं. गर्दीत त्यांना घाम फुटायचा. असा माणूस उन्हात, गर्दीत, तास न् तास परक्यांच्या रांगेत का उभा राहायचा? मलाच बरीच वर्षं माहीत नव्हतं. आज मी तेवढंच सांगायला उठले आहे. दुसरं काही नाही.

आमचा संदीप तुम्हाला आठवतो. एकुलता एक. चाकणकडं कंपनीत होता, मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा. लग्नाचं बघत होतो. त्या साथीच्या दुसऱ्या लाटेत तो आजारी पडला. त्याला पुण्याच्या दवाखान्यात ठेवलं. मला पण इकडं ताप होता, म्हणून मी मागच्या खोलीत, दार बंद करून. दवाखान्यातून फोन आला की तो गेला. अंग घरी न्यायला मिळणार नाही, अंत्यसंस्कार तिथंच करणार, एकजण आला तरी लांब उभं राहायचं. तात्या मोटरसायकल काढून गेले. मी खिडकीशी बसून राहिले.

दिवस मावळताना आले. अंगणातच बादली घेऊन अंघोळ केली. मग ओल्या अंगानं खिडकीच्या बाहेर येऊन उभे राहिले. मी विचारलं, "दिसला का?"

म्हणाले, "दिसला. तोंड बघितलं मी. झोपल्यासारखा दिसत व्हता."

मी म्हणाले, "खरं?"

"खरं."

बायांनो, त्या एका वाक्यावर मी जगले. तुम्ही पुढं कधी विचारलंत तर मी तेच सांगितलं. झोपल्यासारखा दिसत होता. त्याच्या बापानं बघितलं. बाप तरी होता शेवटी.

आमच्या घरी कुणी आलं नाही. आपल्या गावात माणूस गेलं की सगळी आळी दारात बसते. बायका गळ्यात पडतात. तसं काही झालं नाही. दारात डबा ठेवायचे, लांबून हाक मारायचे, "वहिनी, डबा ठेवलाय." पावलं निघून जायची. मग मी बाहेर यायचे. मी कुणाला बोल लावत नाही. दिवसच तसे होते. मी तरी कुणाच्या दारात गेले? माळावरच्या वस्तीवरच्या आजी त्याच आठवड्यात गेल्या, मी पाऊल टाकलं नाही.

आणि तात्या रडले नाहीत. आज नाही, उद्या रडतील, असं म्हणता म्हणता दहावा झाला, वर्षश्राद्ध झालं. डोळ्यांतून टिपूस नाही. मी रडायला लागले की उठून दुकानात जायचे. संदीपचं नाव निघालं की म्हणायचे, "पाणी दे." मी पाणी द्यायचे. तिथंच बोलणं संपायचं. एका घरात दोन माणसं आणि एकमेकांना दिसत नाहीत, असं ते घर झालं होतं.

मग ते जायला लागले. पहिल्यांदा जुन्नरच्या बाजूला एका जवानाचं पार्थिव आलं, तिथं गेले. मला वाटलं, जवान आहे, सगळेच जातात. मग एका जुन्या मुख्याध्यापकांच्या अंत्यदर्शनाला गेले. ते ह्यांना शिकवायला नव्हते. मग आणखी कुणाच्या. दुकानाचं शटर ओढायचं, स्वच्छ सदरा घालायचा आणि जायचं. परत आले की पाय दुखायचे, पण जेवायचे नीट. मी विचारलं की एकच उत्तर, "बघून आलो."

पुण्यात एक मोठे पुढारी गेले तेव्हाची गोष्ट. नाव घेत नाही. हयातभर तात्यांनी त्या माणसाला शिव्या दिल्या होत्या. टीव्हीवर तो दिसला की चॅनल बदलायचे. तरी एस.टी. पकडून गेले. दुपारी शेजारची प्रियंका धावत आली. हातात मोबाईल. म्हणाली, "काकू, तात्या बातम्यांत आलेत."

मी बघितलं. लांबच लांब रांग. कॅमेरा सरकत सरकत येतो आणि तात्यांवर थांबतो. तात्या रडताहेत. साधं डोळे पुसणं नाही. तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. पुढचा अनोळखी माणूस मागं वळून त्यांच्या पाठीवरून हात फिरवतोय.

प्रियंका म्हणाली, "तात्यांचा किती जीव होता ना त्यांच्यावर."

माझ्या अंगाचा जाळ झाला होता. पोटच्या पोरासाठी ज्याच्या डोळ्यात पाणी आलं नाही, तो माणूस ह्या परक्यासाठी रडतो? ते आले. मी पाणी दिलं. आणि विचारलं, "कोण होता तो तुमचा?"

"कुणी न्हाई."

"मग?"

"अगं, रांगेत सगळीच रडत व्हती."

त्या दिवशी मी ठरवलं. पुढच्या वेळी मी बरोबर जाणार. बघते तरी काय आहे त्या रांगेत.

थोड्याच महिन्यांत नारायणगावच्या एक डॉक्टरीणबाई गेल्या. माहेर त्यांचं येडगावचं. सगळी हयात बाळंतपणं करण्यात गेली, तिकडच्या कितीतरी घरांतली आई पण त्यांच्या हातची आणि लेक पण. आमचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. संदीप मंचरच्या सरकारी दवाखान्यात झालेला. तात्यांनी सदरा घातला. मी पण लुगडं बदललं. ते म्हणाले, "तू कुठं?" मी म्हणाले, "तुम्ही जाताय तिथं." नको म्हणाले नाहीत.

शाळेच्या मैदानात बाईंना ठेवलं होतं. रांग मैदानातून निघून रस्त्यानं पार लांब आली होती. शेवट शोधायलाच आम्हाला चालावं लागलं. ऊन होतं. पोरं पाण्याचे जार घेऊन फिरत होती. बायकांनी डोक्यावर पदर घेतलेले, कडेवर पोरं. मला वाटलं होतं सगळे रडत असतील. तसं नव्हतं. कुणी कांद्याच्या भावाचं बोलत होतं, कुणी सुनेचं.

आमच्या पुढं एक मेंढपाळ उभा होता. वयस्कर माणूस, खांद्यावर घोंगडी. मी त्यांना विचारलं, "दादा, बाई तुमच्या ओळखीच्या?"

"न्हाई बा."

"मग घरातल्या कुणाचं बाळंतपण केलं होतं?"

"आमची बाळतपणं रानातच व्हत्यात. मेंढरं पल्याड बसवलीत, पोरगी हाय राखणीला. रांग दिसली. म्हणलं, एवढी मान्सं एका बाईसाठी उभी हायेत, आपून तसंच कसं म्होरं जायाचं?"

माझ्या मागं येडगावची एक बाई होती. तिनं ते ऐकलं आणि म्हणाली, "ताई, माझी तर तिन्ही पोरं बाईंनी केली. पण खरं सांगू का, मी सकाळपासून घरात रडत होते. घरातले म्हणाले, कोण लागते ती तुझी? म्हणून इथं आले. इथं तसं कुणी विचारत नाही."

पण मला त्यांचं नव्हतं ऐकायचं. मला ह्यांचं ऐकायचं होतं. रांग सरकत सरकत मैदानाच्या फाटकात आली, तेव्हा मी हळूच विचारलं. इतकी वर्षं जे घरात विचारता आलं नाही ते तिथं विचारलं, कारण तिथं ते उठून दुकानात जाऊ शकत नव्हते. मी म्हणाले, "तुम्ही संदीपसाठी का रडला नाही हो?"

ते पुढंच बघत राहिले. म्हणाले, "ह्या रांगेच्या शेवटाला तोंड दिसतं."

मला कळलं नाही. मी म्हणाले, "म्हणजे?"

"कितीबी येळ लागू दे. उभं ऱ्हायलं, की शेवटाला तोंड दिसतं. मान्सानं बघितलं, की मग त्याला कळतं की गेला." मग म्हणाले, "मी संदीपचं तोंड न्हाई बघितलं, सुमन. तुला खोटं सांगितलं. गुंडाळलेला व्हता. कोणचा आपला, ते बी मला कळत न्हवतं."

मंडळी, मला तिथंच खाली बसायचं होतं. पण रांगेत बसता येत नाही. मागची बाई म्हणाली, "ताई, सरका पुढं." मी सरकले. ज्या वाक्यावर जगत होते ते वाक्य ह्यांनी काढून घेतलं होतं, आणि मी एक एक पाऊल पुढं चालले होते. हे शेजारी. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

आणि मग बाई दिसल्या. गळ्यापर्यंत हार. डोळ्यांवरचा चष्मा तसाच ठेवला होता. कपाळावर कुंकू जरा पसरलेलं. कधी न बघितलेला चेहरा. मी बघितला, आणि मला जे रडू आलं, ते मला आवरेना. ओरडूनच रडले म्हणा. स्वयंसेवक म्हणत होता, "मावशी, चला, मागं लोक थांबलेत." पाय उचलेना. बाईंची मुलगी उशाशी बसली होती, ती उठली. तिनं मला जवळ घेतलं. म्हणाली, "आईनं तुमचं बाळंतपण केलं होतं का?"

मी मान हलवली. हो म्हणाले. दुसरं काय सांगणार होते तिला?

ती म्हणाली, "मुलगा की मुलगी?"

मी म्हणाले, "मुलगा."

मग ती पण माझ्या खांद्यावर रडली. सकाळपासून ती सगळ्यांना नमस्कार करत बसली होती. तिला कुणीतरी धरायला हवंच होतं. आम्हा दोघींना एकमेकींचं नाव माहीत नाही. संदीप गेल्यापासून मला जवळ घेऊन रडणारी ती पहिली बाई.

घरी येताना एस.टी.त मी खिडकीकडं तोंड करून बसले. नंतर पुष्कळ दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे आणि आत जायचे. माझ्या मनात एकच. निदान ते खोटं तरी मला ठेवायचं होतं. स्वतः नव्हतं बघितलं तर नव्हतं. मला कशाला सांगितलं?

पण एकदा अविश्वास आला की डोकं थांबत नाही. रोज नवीन चित्र. तिथं काय झालं असेल, त्याला कसं नेलं असेल. शेवटी एका दुपारी चहा घेऊन मी दुकानात गेले. मी कधी दुकानात जात नव्हते. हे मोटार उघडून बसले होते. मी स्टूल ओढलं, समोर बसले. म्हणाले, "आता सगळं सांगा. काही गाळू नका. मला बरं वाटावं म्हणून तर काहीच सांगू नका."

त्यांनी हातातली तार खाली ठेवली नाही. वेढे घालत घालत सांगितलं. म्हणाले, दवाखान्यातून गाडी निघाली, तिच्या मागं मी मोटरसायकल घातली. गाडीत किती होते ते माहीत नाही. स्मशानाच्या कुंपणापाशी मला अडवलं. आत चार माणसं होती, पायापासून डोक्यापर्यंत प्लास्टिक घातलेली. मी कुंपणावरून ओरडलो, "माझा संदीप कोणता?" एकानं नाव विचारून घेतलं, आत जाऊन बघून आला आणि हात करून दाखवलं. हा. तेवढंच. मग त्यांनी उचलून सरणावर ठेवलं.

मी म्हणाले, "मग?"

"मग तिघं मागं फिरली. त्यांना पुढचं काम व्हतं. हा एकजण थांबला. ज्यानं हात करून दाखवला, तो. त्यानं दोन्ही हात जोडले. वाकला. आपल्या संदीपला नमस्कार केला, सुमन. मग गेला." आणि तिथं ह्यांचे हात थांबले. "तो कोण व्हता मला म्हाईत न्हाई. तोंडाला मास्क, वर काच. रस्त्यात समोर आला तरी वळखू यायचा न्हाई. त्याला आपला पोरगा कोण, ते तरी कुठं म्हाईत व्हतं? तरी थांबला. मला त्याचं काहीच करता येत न्हाई. म्हून मी जातो. कुणी बी असू दे. जातो, हात जोडतो आन् येतो."

मग ते रडले. माझ्यासमोर, भरदुपारी, दुकानाचं शटर उघडं असताना. मी त्यांना गप्प केलं नाही. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. चहा तसाच राहिला.

त्यानंतर आम्ही दोघं जायला लागलो. तुमच्यातल्या काहींनी आम्हाला बघितलं असेल, हसला पण असाल. नवराबायको मयतीच्या रांगा धरत फिरतात म्हणून. हसलात तर हसलात. पण एक सांगते. घरात आम्हाला संदीपचं बोलता येत नव्हतं, अगदी शेवटपर्यंत आलं नाही. त्या दुपारनंतरही घरी आलो की पुन्हा गप्प. पण रांगेत तात्या बोलायचे. त्याला दह्याचा वास चालायचा नाही. पोहायला शिकताना त्यानं ह्यांच्या मानेला ओरबाडलं होतं. कंपनीत लागल्यावर पहिल्यांदा घरी आला तेव्हा चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला, आणि आम्ही दोघं त्याच्याकडं बघत राहिलो. हे सगळं मी रांगेत ऐकलं. पुढं परकी माणसं, मागं परकी माणसं, आणि मध्ये आम्ही आमच्या पोराचं बोलतोय. लोक म्हणतात, एवढ्या लांब रांगेत कशाला थांबायचं, टीव्हीवर दिसतं की. आम्हाला ती रांग लांबच हवी असायची.

सगळे काही आमच्यासारखे येत नसतील. कुणी खरंच त्या माणसासाठी येतं. कुणी फोटो काढायला पण येतं, तेही बघितलंय मी. पण त्या रांगेत शेजारचा माणूस डोळे पुसत असला, तर लगेच समजू नका की तो पुढं ठेवलेल्यासाठीच रडतोय. त्याला विचारू पण नका. पाणी द्या.

तात्या दुकानातच गेले. छातीत कळ आली आणि गेले. तुम्ही सगळे आलात. आळीतून पार रस्त्यापर्यंत तुम्ही उभे होतात. ऊन चढायला लागलं तेव्हा भावकीतले म्हणाले, आता उरका. मी म्हणाले, नाही. शेवटचा माणूस बघून जाईपर्यंत तोंड झाकायचं नाही. काहींना माझा राग आला असेल. मी उशाशी बसले होते आणि मी पण बघत होते. झोपल्यासारखे दिसत नव्हते. गेल्यासारखे दिसत होते. जे होतं ते बघितलं. आता मला कुणाला विचारायचं उरलं नाही.

उरलंय ते वेगळंच. संदीपला दह्याचा वास चालायचा नाही, हे आता ह्या जगात फक्त मला माहीत होतं. म्हणून आज तुम्हाला सांगून टाकलं.

तात्या, तुम्हाला माझा नमस्कार.

आता आपण शांत उभं राहायचं आहे. ते मी तात्यांसाठी मागत नाही. तात्यांना तुम्ही सगळ्यांनी पोचवलंत, त्यांचं काही राहिलं नाही. त्या साथीत आपल्या गावातली पण माणसं गेली. कुणाची आई, कुणाचा भाऊ. आपण एकमेकांच्या दारात गेलो नाही. नंतर लग्नं झाली, यात्रा भरल्या, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. आजही बोलू नका. फक्त उभे राहा. ज्याचं तोंड बघायचं राहून गेलं, त्याचं नाव मनात घ्या आणि हात जोडा. शेजारच्याला रडू आलं, तर त्याला गप्प करू नका.